वकीलसाहेबांनी बाजू बदलली

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांइतका सरकारी माणूस खुद्द सरकारातही दुसरा नसेल. सत्तरच्या दशकात, वाशी अजून अर्धी चिखलात होती तेव्हा, ते जमीन संपादनाच्या कचेरीत कायदेशीर सल्ला देत. म्हणजे गावकऱ्यांच्या अर्जांना नकार कसा द्यावा हे शुद्ध मराठीत लिहून देत. घरीही तेच वळण. वहिनींनी ‘आज भाजी काय करू?’ विचारलं, की म्हणायचे, ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.’ एकदा आकाशकंदील लावायला मी त्यांच्याकडे शिडी मागितली. कशासाठी, किती वेळ, पडलात तर जबाबदारी कोणाची, अशी रीतसर चौकशी झाली आणि शिडी मंजूर झाली, तोवर तुळशीचं लग्नही उरकलं होतं.

बढतीत तिसऱ्यांदा डावललं, तेव्हा ऐंशीनंतर कधीतरी साहेबांनी बाणेदारपणे राजीनामा दिला आणि खासगी वकिली सुरू केली. ‘आता जनतेची सेवा,’ मला म्हणाले. इतकी वर्षं कोणाची चालली होती, हे विचारायचं मी शेजारधर्म म्हणून टाळलं. बाजारात गाळा घेतला, टेबल आलं, पण पुस्तकांच्या आधी दारावर पाटी लागली ती ‘भेटीची वेळ ३ ते ४’ अशी. पहिला अशील आला, त्याला अर्ज तीन प्रतींत आणायला सांगून परत पाठवलं. तो सरळ दुसऱ्या वकिलाकडे गेला हे कळल्यावर साहेबांना मनापासून धक्का बसला. कचेरीतून परत पाठवलेला माणूस पुन्हा यायचाच. बिचारा जाणार कुठे!

मग तळवलीची चांगुणाबाई आली. तिचं घर गावठाणाच्या नकाशाबाहेर आहे म्हणून पाडायची नोटीस निघाली होती. अर्जबिर्ज तिने काही आणला नाही. ‘तुमी तुमचं काम करा, मी हितंच हाय,’ म्हणाली आणि पायरीवर बसली. तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी साहेबांनी केस घेतली आणि ज्या गावाविषयी वर्षानुवर्षं लिहिलं, ते बघायला आयुष्यात पहिल्यांदा गेले. घर बाईच्या आजेसासऱ्याच्या हातचं होतं. नकाशा करणारा तिथवर चालतच गेला नव्हता.

ठाण्याच्या कोर्टात सरकारी वकिलाने हसत हसत एक जुना अभिप्राय वाचला: नकाशाबाहेरचं प्रत्येक घर अनधिकृत समजावं. खाली सही आमच्या साहेबांची! मी मागच्या बाकावर होतो. वाटलं, गेलं बाईचं घर. एरवी चहाला नाही म्हणायलाही चार कलमं सांगणारे साहेब उठले आणि न्यायाधीशांना एवढंच म्हणाले, ‘साहेब, हा अभिप्राय लिहिणाऱ्याला मी ओळखतो. त्याने गाव पाहिलं नव्हतं. मी आता पाहिलंय.’

घर नकाशाच्या कितीतरी आधीचं ठरलं आणि वाचलं. बाईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. अंगणात जवळ्याचा वास सुटला होता, आणि साहेब मात्र शेजारच्या एका उघड्या जोत्यावर जाऊन बसले. ‘हे त्याच अभिप्रायावर पाडलं,’ मला हळूच म्हणाले. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली. त्या दुपारी त्यांच्याकडे बघवेना.

‘साहेब, तिथं कशाला बसलाव?’ चांगुणाबाई आतून ओरडली. ‘तिथं आता कोनी नाय ऱ्हात.’

‘माहीत आहे मला,’ साहेब म्हणाले, आणि पानं वाढून झाली तरी उठले नाहीत.