बटण बंद करणारे काका

बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका कुणाच्याही घरातून निघताना उगाच चालू असलेले दिवे-पंखे बंद करून जातात. आभार मानले की म्हणतात, "तुमच्यासाठी नाही हो, सवय आहे."

माझा जुना कॉम्प्युटर फार रखडायचा, म्हणून रविवारची सगळी सकाळ घालवून मी लिनक्सवर एक हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम, बसवला. आयकॉन नाहीत, मेनू नाही, सगळं कीबोर्डवर. शेवटी नुसता काळाभोर पडदा उरला. एवढा पराक्रम कुणाला तरी दाखवायलाच हवा, म्हणून काकांना वर बोलावलं आणि चहा टाकायला आत गेलो.

परत आलो तर काका कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद करून दाराकडे निघालेले.

"अहो काका, चालू होता तो!"

"असं? मग बंद असला की कसा दिसतो?"

मी पडद्याकडे पाहिलं. अगदी तस्साच दिसत होता.