विजेचा पिकअप आणि साठचा आकडा

फेब्रुवारीत आमच्या लष्करी ट्रान्सपोर्ट सेक्शनला मोंटानाच्या उत्तर भागात पाठवलं. बर्फामुळे तिथल्या रँचचे रस्ते बंद होते. औषधं, ऑक्सिजन आणि जनावरांचा चारा पोचवणं हे आमचं काम. माणसं चौदा. डिझेलचे पाच ट्रक आणि चाचणीसाठी दिलेला एक विजेचा पिकअप.

मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, मग आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. या प्रसंगाचा रिपोर्ट मी इंग्रजीत दिला आहे. हे मराठीत, माझ्यापुरतं लिहिते.

तो पिकअप मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जवळचं चार्जिंग स्टेशन सत्तर मैलांवर. म्हणून कॅम्पात त्याच्यासाठी जनरेटर चालवायचा, तोही डिझेलवर. ज्यांनी ही गाडी पाठवली त्यांनी असा रस्ता कधी पाहिला नसणार.

गाडी स्पेशालिस्ट रुबेन ओर्टेगाकडे होती. माझं आडनाव पवार. सगळे मला 'पॉवर' म्हणत.

"पॉवर, तू माझ्याबरोबर चल," ओर्टेगा म्हणायचा. "या गाडीत तेवढीच कमी आहे."

"तू गाणी बंद कर, दहा मैल वाढतील," सार्जंट हचिन्स त्याला म्हणायचे.

माझं मनगट मुरगळलं होतं, म्हणून मी कॅम्पात रेडिओवर होते. नियम सोपा होता. इंधन किंवा बॅटरी अर्ध्याखाली गेली की गाडी हलवायची नाही, जिथे असेल तिथे थांबायचं. ड्रायव्हर आकडा कळवणार, मी तो शीटवर टक्क्यांत लिहिणार. ऐकू आलं नाही किंवा समजलं नाही, तर 'से अगेन' म्हणायचं. मी ते टाळायची. माझे उच्चार ऐकून एकदा सगळे हसले होते. तेव्हापासून रेडिओवर कमीत कमी बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

त्या दिवशी सकाळी ०८१० ला ओर्टेगा ट्रेलर लावून निघाला. बावन्न मैलांवर एका म्हाताऱ्याचा ऑक्सिजन संपत आला होता. तापमान उणे वीस फॅरनहाइट. बॅटरी पूर्ण भरलेली. स्क्रीनवर एकशे साठ मैल.

११४० ला त्याचा आवाज आला. "डिलिव्हर्ड. म्हातारा ठीक आहे. सिक्स-झीरो. कमिंग होम."

"कॉपी," मी म्हटलं आणि शीटवर साठ टक्के लिहिलं. अर्ध्याच्या वर. नियमात बसत होतं.

तो मैल सांगत होता. डिझेलच्या ट्रकवर काट्याशिवाय दुसरं काही नसतं, त्यामुळे 'साठ काय' हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नव्हता. साठ मैल म्हणजे अर्ध्यापेक्षा बरंच कमी. मी एकदा विचारलं असतं, तर तो रँचवर शेगडीपाशी बसून राहिला असता आणि आम्ही डिझेलचा ट्रक पाठवला असता.

१२१० ला तो म्हणाला, "पॉवर, वारा समोरून आहे. दहा मैल गेलो, अठरा कमी झाले. हीटर बंद करतो."

तेव्हा मला कळलं. मी सार्जंटना हाक मारली. त्यांनी शीट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बूट चढवले. पुढे बर्फ काढणारी गाडी, मागे ते डिझेलचा ट्रक घेऊन निघाले.

१३२० ला पिकअप थांबला. वाऱ्याने उडालेल्या बर्फात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. दीड तासाने सार्जंट त्याच्या जवळपास पोचले.

"ओर्टेगा, दिवे लाव. तू दिसत नाहीस."

"लागत नाहीत, सार्जंट. सगळं मेलंय, हातातला रेडिओ तेवढा चालू आहे. फ्लेअर पेटवून बाहेर येतो."

"निगेटिव्ह. गाडीत थांब. ऐकलंस? गाडीत थांब."

उत्तर आलं नाही. मी 'से अगेन' म्हटलं. अकरा वेळा म्हटलं.

१५५० ला तो सापडला, गाडीपासून चाळीस पावलांवर. डिझेलचा ट्रक अडकला असता तर इंजिन चालू ठेवून तो उबेत बसला असता. दिवे लागले असते.

परवा बेलव्ह्यू शहरात मावसभाऊ विजेचा नवीन पिकअप दाखवत होता. "ताई, साडेतीनशेची रेंज आहे यार! उन्हाळ्यात मोंटाना ड्राइव्ह करणार." त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जरची रांग आहे. तिथे खुशाल चालवावा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या गाडीने तिकडे जायचं नाही." तो हसला. मी तेच पुन्हा म्हटलं. मग त्याच्या बायकोने विषय बदलला.

चौकशीच्या कागदात गाडीबद्दल एक परिच्छेद आहे आणि माझ्याबद्दल एक ओळ. ओर्टेगाच्या बायकोने, एलेनाने, तो कागद वाचून मला फोन केला.

"साठ काय, ते तू विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

मग तिने फोन ठेवला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

स्पेशालिस्ट रुबेन ओर्टेगा. वय सव्वीस. ऑक्सिजन वेळेवर पोचवला. कॅम्पपासून एकोणीस मैलांवर थंडीने गेला.