कानाखालची गुरगुर

मी दिवसभर नकळत दात आवळते म्हणून जबडा दुखतो, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि कानाखाली चिकटवायला एक छोटा सेन्सर दिला. दात आवळले की तो बारीक गुरगुरायचा, मग मी जबडा सैल सोडायचे.

नेमकी त्याच आठवड्यात नवऱ्याची मोठी बहीण आमच्या नायगावच्या फ्लॅटवर राहायला आली. आल्याआल्या ताईंनी माझे मसाल्याचे डबे नव्याने लावले. मी हसून म्हणाले, "बरं केलंत." सेन्सर गुरगुरला. मी पाचूबंदरहून आणलेली सुरमई तळायला घेतली, तर त्या म्हणाल्या, "आम्ही रव्यात घोळवतो." मी "हो का?" म्हणाले. पुन्हा गुरगुर. नवरा पेपरामागे हसत होता.

"तुझा फोन वाजतोय का गं सारखा?" ताईंनी विचारलं.

नवऱ्याने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता या बॅग भरणार. पण त्यांनी हात पुढे केला. "दे बघू मला."

मी सेन्सर त्यांच्या कानाखाली चिकटवला, सुरमईचा तुकडा चाखायला दिला आणि त्यांचा खाऊन झाल्यावर विचारलं, "कशी झालीय?"

"छान," त्या म्हणाल्या, आणि गुरगुर तिघांनाही ऐकू आली.

आधी ताई हसल्या, मग मी. "मीठ जास्त पडलंय," त्यांनी कबूल केलं.

मग त्या भावाकडे वळल्या. "आता हे तू लाव आणि सांग, आमच्यातली सुगरण कोण?"

तो पेपर घेऊन गॅलरीत गेला आणि बाहेरच्या बाजूने कडी लागत नाही म्हणून दार हाताने धरून बसला.