एका अक्षराचा फरक

सन २०१९, जानेवारीची नऊ तारीख. त्या दिवशी टेसा कांगस हिने एका दुकानात एकतीस डॉलर एकोणपन्नास सेंट मोजले आणि पांढऱ्या पावडरीचा डबा घेतला. पैसे तिचे स्वतःचे, लहान पोरांना स्केटिंग शिकवून मिळवलेले. वय सोळा. शाळेच्या आइस हॉकी संघात ती बचावाच्या फळीत खेळत असे. डब्याविषयी तिने घरात चकार शब्द काढला नाही. घरात दुसरं माणूस एकच, तिचा बाप डेल.

डेल तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातच त्याचा जन्म गेला. आजा खाणीत, बाप खाणीत, तोही खाणीत. मग खाणीने माणसं कमी केली आणि तो गावच्या रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, कामाला लागला. बर्फ घासून वर गरम पाण्याचा पातळ थर देणारी गाडी चालवायची, काचा पुसायच्या, खेळाडूंच्या खोल्या झाडायच्या. कामाला चोख, बोलायला कंजूस. डेलच्या तोंडून वाक्य काढण्यापेक्षा जानेवारीत गोठलेल्या तळ्याला भोक पाडणं सोपं, असं गावात म्हणत.

दोघांच्या वाटचं बोलायची ती त्याची बायको रेनी. तिच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी धरत. आजार तिच्या आईकडून आलेला. शेवटची दोन वर्षं डेल तिला आठवड्यातून तीनदा शेजारच्या शहरात डायलिसिसला नेत असे. रक्ताचा अहवाल आला की दोघं त्यातला एकच आकडा शोधत. क्रिएटिनिन. आकडा चढलेला दिसला की रेनी म्हणायची, "या वेळी पाहुणा जरा जास्तच जेवलाय." दुसऱ्याचं मूत्रपिंड मिळेल या आशेवर ती होती. ते मिळालं नाही. ती गेली तेव्हा टेसा बारा वर्षांची होती.

रेनीला गाडून आल्यावर डेलने घरातली औषधं परत केली, तिची बसायची खुर्ची देऊन टाकली. क्रिएटिनिन हा शब्द मात्र कुठे नेऊन टाकता आला नाही.

जानेवारी संपता संपता एका दुपारी तो रिंकवरची मुलींची खोली झाडत होता. टेसाच्या बाकाखाली डबा होता. चष्मा गाडीत राहिला होता, तरी मोठ्या अक्षरांतलं नाव त्याला वाचता आलं. निदान त्याला तसं वाटलं. तो बाकावर बसून राहिला. मग डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला आणि घासलेला बर्फ जिथे टाकतात त्या ढिगावर त्याने तो पालथा केला.

सराव संपल्यावर टेसा गाडीत येऊन बसली. त्याने गाडी सुरू केली नाही.

"तो डबा तुझा?"

टेसाने मान डोलावली.

"तुझ्या आईच्या रक्तातून मशीन जे उपसून काढायचं, ते तू पैसे देऊन आणतेस? आणि पितेस?"

"बाबा, ते क्रिएटिनिन. हे क्रिएटीन. एक अक्षर कमी आहे."

"एका अक्षराच्या भरवशावर मी तुला सोडू?"

सगळ्याच मुली घेतात, असं ती म्हणाली. अंगात ताकद येते, सामन्याच्या शेवटच्या सत्रात पाय जड होत नाहीत. ब्रुकला तर तिच्या बाबांनीच आणून दिलंय. डेलने गाडी सुरू केली.

ब्रुकचा बाप कर्ट नीमी हा नळजोडणीचं काम करी. डेलचा शाळेपासूनचा सोबती. दुसऱ्या दिवशी रिंकवर कॉफी पिताना डेलकडून डब्याचं ऐकून तो हसत म्हणाला, "मांसात असतं रे ते. तू तीस वर्षं हरणाचं मांस हाणतोयस, म्हणजे पहिला नशेबाज तूच."

"हरीण मी मारतो, मीच सोलतो. आत काय आहे ते मला दिसतं," डेल म्हणाला. "डब्यात काय आहे ते तू पाहिलंस?"

"डब्यावर लिहिलंय की."

"माझ्या गाडीवरही लिहिलंय, बर्फात घसरत नाही."

कर्ट हसला. डेल हसला नाही. त्याच आठवड्यात तो टेसाला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर मारोल्टबाईंनी रेनीलाही तपासलेलं. रक्त तपासलं आणि आकडा चढलेला निघाला. फार नाही, पण मर्यादेच्या वर. डेलला रेनीचे शब्द आठवले. हाच पाहुणा, आणि त्याने आता पोरीचं दार धरलं होतं.

डॉक्टरबाईंनी टेसाला विचारून डब्याची सगळी हकिगत काढून घेतली. मग त्या डेलकडे वळल्या.

"तुमच्या वाफ घ्यायच्या सौनाची भट्टी लाकडावर आहे ना, डेल? मग ऐका. क्रिएटीन म्हणजे लाकूड. थोडं शरीर स्वतः बनवतं, थोडं मांस-मासळीतून येतं, स्नायू ते वापरतात. क्रिएटिनिन ही त्याची राख. राख बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. हिने भट्टीत लाकडं जास्त घातली, तर राख जास्त दिसणारच. पण ही राख जास्तीच्या लाकडांची आहे की राख काढणाराच थकलाय, ते मला आज सांगता येणार नाही."

"मग हे पोरांनी घ्यावं की नाही?"

"मोठ्या माणसांवर पुष्कळ वर्षं अभ्यास झालाय. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांना त्याने काही झाल्याचं दिसलेलं नाही. हिच्या वयाच्या मुलांवर अभ्यास थोडा आहे, म्हणून अठराच्या आत मी कुणालाच घे म्हणत नाही. आणि तुमच्यासारख्या, हा आजार असलेल्या घरातल्या मुलीने घेतलं तर काय, हे कुणी तपासलेलंच नाही. हिने ते तोंडात घालू नये."

पावडर बंद करून महिन्याभराने पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. सोबत स्नायूंमुळे जिचा आकडा हलत नाही अशी दुसरी एक तपासणी, आणि मोठ्या शहरात जाऊन सोनोग्राफी. आईच्या गाठी लेकीत उतरल्यात का ते दाखवणारी ही सोनोग्राफी आजवर दोघांनीही टाळली होती. डेलने विषय काढला नव्हता आणि टेसाने काढू दिला नव्हता.

त्या महिन्यात टेसा खेळत राहिली. तिचा संघ विभागीय स्पर्धेतल्या दुसऱ्याच सामन्यात हरला. डेल रिंकचा बर्फ नीट करी, घरी येई, सूप गरम करी आणि ताटावरून तिच्याकडे बघत राही. एका रविवारी बटाटे सोलता सोलता टेसाने सुरी खाली ठेवली.

"बाबा, तू माझ्याकडे असं बघू नकोस."

"कसं?"

"आईकडे बघायचास तसं. मला थकायलाही चोरी आहे या घरात. जरा बसले की तुझा चेहरा उतरतो. मला असं अंग हवं होतं, की बघणाऱ्याला आई आठवूच नये. म्हणून घेतलं मी ते. गोल करायला नाही."

डेल तिच्या शेजारी आला. त्याने तिचा बटाटा उचलला आणि सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाला, "भीती मला वाटते. तुला वाटते का, हे मी कधी विचारलं नाही."

"वाटते," टेसा म्हणाली.

मार्चमध्ये शहरात जायच्या दिवशी डेलची गाडी सुरूच होईना. कर्टने काम टाकलं आणि दोघांना आपल्या गाडीतून नेलं.

रक्ताचा आकडा खाली आला होता. दुसरी तपासणीही ठीक निघाली. चढलेली राख डब्यातल्या लाकडांचीच होती. पण सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांवर गाठी दिसल्या, लहान लहान, मोजक्या. आईचा आजार लेकीत उतरला होता. तिथल्या डॉक्टरने सगळं नीट समजावून सांगितलं. मूत्रपिंडं आज उत्तम चालताहेत. रक्तदाब सांभाळायचा, पाणी भरपूर प्यायचं, मीठ कमी, दरवर्षी तपासणी. कळलं ते लवकर कळलं. रेनीला कळलं तेव्हा आजाराचं अर्धं काम होऊन गेलं होतं.

टेसाने एकच विचारलं, "खेळू ना?"

तूर्त खेळ, असं उत्तर मिळालं. तिने बापाचा हात धरला. लहानपणानंतर प्रथमच धरला असेल. या वेळी डेलने तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर पाहिलं, कारण तिने तेच मागितलं होतं.

परतीच्या वाटेवर टेसा मागे झोपून गेली. मग कर्टने हळू आवाजात विचारलं, "ब्रुकच्या डब्याचं काय करू रे?"

डेल त्या दिवशी जेवढं बोलला, तेवढं सलग बोलताना कर्टने त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

"विष आहे, असं मी धरून चाललो होतो. ते खरं नाही. माझं वाचण्यात चुकलं. पण डबा विकणाऱ्याला तुझ्या घरात कोण कशाने गेलं ते ठाऊक नसतं. माझ्या पोरीच्या आत काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. अजून वाढताहेत त्या पोरी. पोटभर खाऊ दे, झोपू दे, दोन वर्षं थांबू दे. अठराची झाली की डॉक्टरला विचारून तिचं ती ठरवील."

कर्टने चेष्टा केली नाही. घरी जाऊन ब्रुकशी बोलतो, म्हणाला.

टेसा शाळा संपेपर्यंत संघात खेळली. दर मार्चला तपासणी होते, आणि तपासणीला आता ती स्वतःच गाडी चालवत जाते. त्या पहिल्या खेपेला इस्पितळातल्या पार्किंगचे नऊ डॉलर कर्टने भरले होते. ते डेलकडून अजून यायचे आहेत.