फुलण्याच्या शब्दाची चिठ्ठी

लढाईची ती वर्षे जबलपुरात संशयाची होती. आमच्या ओमती मोहल्ल्यात एखादा अनोळखी माणूस दोनदा दिसला, तरी लोक त्याच्या झोळीकडे पाहत. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. माझा संशय मात्र एका शब्दावर जडला होता.

विज्ञानशिक्षकांनी फुलोऱ्याचा धडा शिकवताना फळ्यावर ‘फ्लोरेसन्स’ असे लिहिले होते. पुढच्या तासाला मी वर्गात शिरलो, तेव्हा ते पुसायचे राहिले होते. मी तेथल्या तेथे सांगून टाकले, की हा आपल्या ‘फुल्ल’चाच परदेशी वंशज होय. अशी विधाने मी वर्षानुवर्षे करीत आलो होतो. त्या दिवशी संध्येला बसलो, तेव्हा मात्र मन स्थिर होईना. चेहरे जुळले म्हणून नाते जुळते काय? ते साम्य मला फार सोयीचे वाटू लागले, आणि सोयीच्या गोष्टीवर पटकन विश्वास ठेवू नये, असे माझे गुरुजी सांगत.

माझी विधवा बहीण आणि तिचा मुलगा माझ्याकडेच राहत. भाचा संरक्षण कारखान्यात उमेदवारी करीत होता. नोकरी कायम व्हायला महिनाच उरला होता. त्याच्या कचेरीतले ख्रिस्ती हेडक्लार्क लॅटिन जाणत. त्यांना विचारण्यासाठी मी एक चिठ्ठी लिहिली. इंग्रजी शब्दाखाली, पाठशाळेतल्या सवयीने, फुलण्याचे आपले धातू मांडले आणि प्रत्येकापुढे धातूच्या गणाचा आकडा व परस्मैपदाच्या खुणेचे अक्षर घातले: फुल्ल, १ प.; पुष्प, ४ प.; स्फुट, ६ प.

कारखान्याच्या फाटकावर झडतीत ती चिठ्ठी भाच्याच्या खिशात सापडली. भाच्याचा पास जप्त झाला.

“दादा, काहून दिली तुम्ही ती चिठ्ठी?” बहीण म्हणाली. “पोरगं कायम होऊन राहिलं होतं. आता त्याला हेर म्हणतील!”

माझ्या मनात वेगळेच विष कालवले जात होते. चिठ्ठी येणार हे भाच्याने आदल्या दिवशी फक्त हेडक्लार्कांना सांगितले होते. मग पहारेकऱ्याने नेमका तोच खिसा कसा चाचपला?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला बोलावले.

“बैठिए, पंडितजी. ये एक, चार, छह क्या है?”

“संस्कृत व्याकरण है.”

“अच्छा! हमारे यहाँ पूजा मंतर से होती है, नंबर से नहीं.” मग ते पुढे झुकले. “ये अंग्रेज़ी शब्द आया कहाँ से? बड़े बाबू से अलग पूछ चुका हूँ. दोनों की बात मिली, तो लड़के का पास वापस.”

जिभेवर जुनेच उत्तर आले. हेडक्लार्क काय बोलले असतील, याचा मी अंदाज बांधू लागलो, आणि त्या अंदाजाचीच लाज वाटली. देवाचे स्मरण करून मी सांगितले, की मला ठाऊक नाही. ठाऊक असते तर विचारले नसते. वर्गात मी त्याचे ‘फुल्ल’शी नाते लावले, पण ते खोटे असावे असा मला संशय आहे.

अधिकाऱ्यांनी हेडक्लार्कांचा कागद पुढे सरकवला. शब्द लॅटिनमधला, मुळाशी फूल. त्याला जोडलेला प्रत्यय आरंभ दाखवतो, म्हणून अर्थ ‘फुलू लागणे’. संस्कृत ‘फुल्ल’शी नाते जोडण्यास भक्कम आधार नाही. खाली लिहिले होते: “ज्यांनी हे विचारले, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे आहे. मी त्यांची हमी देतो.”

“तलाशी उनके कहने पर हुई?” मी विचारले.

“किसके कहने पर? कल तो सबकी जेबें देखी थीं.”

पास परत मिळाला. बाहेर हेडक्लार्क उभे होते. मी हात जोडले. त्यांच्याविषयी काय काय मनात आणले होते, ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. वर्गात मात्र माझे विधान मी उघडपणे मागे घेतले.

भाचा कायम झाला, पण चार महिने उशिरा. तोवर फाटकावर रोज त्याचा डबा उघडत आणि प्रत्येक पोळीची घडी उलगडून पाहत. बहिणीने मला पुन्हा काही सुनावले नाही. तिने पोळ्यांना घडी घालणेच सोडले.