माझ्या वहीतले बीपी

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी बायकोचे बीपी रोज सकाळी आठला आणि रात्री नऊला मोजून वहीत लिहीत असे. सत्तेचाळीस दिवसांच्या चौऱ्याण्णव नोंदी झाल्या होत्या. सरासरी एकशे छप्पन्न-चौऱ्याण्णव. तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो आणि घरीही सगळे नियम पाळत होतो. आधी पाच मिनिटे शांत बसायचे, पाय जमिनीवर टेकवायचे, हात छातीच्या उंचीला ठेवायचा, बोलायचे नाही.

या वहीवरून डॉक्टर बाईंनी एका गोळीच्या दोन केल्या. आकडे हलले नाहीत, उलट बायकोला चक्कर येऊ लागली. एकदा खाली बसून भाजी निवडून उठताना तिने ओट्याची कड धरली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिची आई पक्षाघाताने गेली होती. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही, पण मी मशीनवरचा आकडा वाचू लागलो की ती आकड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची.

तिसरी गोळी लागणार असे धरूनच मी वही घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी पाने चाळली. एवढे बीपी आणि वर चक्कर, हे जुळत नाही, त्या म्हणाल्या. तिसरी गोळी देण्याआधी चोवीस तासांचे बीपी बघू. झोपेत ते उतरायला हवे. उतरत नसेल तर मूत्रपिंडापासून सगळे तपासावे लागेल. आम्ही दोघांनीही घरी आणले ते शेवटचे वाक्य.

तिरुवल्लिकेणीतल्या एका लॅबमध्ये सकाळी दहा वाजता तिच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. त्याची नळी खांद्यावरून नेऊन कमरेच्या डबीला जोडली. पट्टा दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर तासाने आपोआप फुगणार होता. कोणत्या वेळी काय करत होतो ते लिहायला एक कागदही दिला. डबीवर आकडा मात्र दिसणार नव्हता. लोक बघतात आणि घाबरतात, म्हणून तो बंद ठेवतात म्हणे. मला हे काही पटले नाही. मी आमच्या नेहमीच्या वेळी उजव्या हातावर घरच्या मशीनने मोजायचे ठरवले. ताडून बघता आले असते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली, "हे फुगलं की मी दचकून उठणार. मग त्यात खरं काय येणार?"

साडेदहाला तिला झोप लागली. मी जागा. दर तासाला डबी घुरघुरायची, पट्टा फुगायचा, मग थांबत थांबत हवा सुटायची. ती कूसही बदलत नव्हती. दोनच्या सुमारास करंट गेला आणि पंखा थांबला. उकाड्याने आकडा चढेल या भीतीने मी करंट येईपर्यंत तिला वर्तमानपत्राने वारा घातला.

सकाळी माझे डोळे बघून ती म्हणाली, "पट्टा तुम्हालाच बांधायला हवा होता."

पट्टा काढून दिल्यावर दुपारी रिपोर्ट मिळाला आणि तो घेऊन आम्ही तसेच बाईंकडे गेलो. आलेखावर रात्रीची रेघ छान खाली उतरली होती. सरासरी एकशे सहा-चौसष्ट. दिवसाही बहुतेक एकशे वीसच्या आसपास. फक्त दोन ठिकाणी सुळके होते, रात्री नऊला आणि सकाळी आठला. बाईंनी शेजारी माझा कागद ठेवला आणि त्या दोन वेळांवर बोट टेकवले. दोन्हीकडे माझ्याच अक्षरात लिहिले होते, "घरच्या मशीनने बीपी मोजले."

कोण मोजते, बाईंनी तमिळमध्ये विचारले. बायकोने माझ्याकडे हात केला आणि तमिळमध्येच त्यांना सांगितले की हे वही घेऊन समोर बसले की छातीत धडधडते. आज किती येते आणि यांचे तोंड कसे होते, एवढेच डोक्यात असते.

"अगं, मग मला सांगायचंस ना," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तेही वहीत लिहिलं असतंत."

बाईंना मराठी येत नव्हती, तरी त्या हसल्या. कारखान्यात नव्या पोरांना मी नेहमी सांगत असे, गेज दाबून धरू नका, दाबले की माप खोटे येते. घरी मी सत्तेचाळीस दिवस दाबूनच धरले होते.

बीपी आहे, पण वहीत दिसते तेवढे नाही, बाई म्हणाल्या. दोन गोळ्या जास्त होतात, म्हणूनच चक्कर येते. त्यांनी एक गोळी बंद केली. आठवड्यातून एकदाच मोजायचे, तेही तिने स्वतः. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसायचे. मूत्रपिंडाची तपासणी नक्की नको ना, हे मी दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी बायकोनेच उत्तर दिले, "नको म्हणाल्या ना त्या. चला आता."

सेंट्रल स्टेशनहून आवडीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. पेरंबूरपर्यंतचे आठवते. आवडीला तिने दंड धरून हलवले तेव्हा फाइल माझ्या मांडीवरून घसरून खाली पडली होती. तिने ती उचलून पिशवीत टाकली आणि पुढे होऊन उतरलीसुद्धा.

चक्कर दहाव्या-बाराव्या दिवशी थांबली. नक्की कितव्या, ते सांगता येणार नाही. लिहून ठेवले नव्हते.