खालचा मणी

आमच्या जुन्नर तालुक्यात खरी जीभ असलेला एकच माणूस मी पाहिला. बाकी आम्हा सगळ्यांच्या तोंडात ती आहे ती बोलायला आणि मिरची लागली तर हाशहुश करायला. हा माणूस म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, आमचे राजुरीचे काका. आमचं घर मूळचं राजस्थानातलं, जैन, पण तीन पिढ्या नारायणगावात रुजलेलं आणि खता-औषधांच्या दुकानावर पोसलेलं. काका शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरची द्राक्षाची बाग. या दोघांची दोस्ती कशावर जमली ते कुणालाच कधी कळलं नाही, कारण दुकानाच्या बाकावर तासन्‌तास शेजारी बसून ते एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. मला मात्र काका मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ‘शेठ’ म्हणायचे, आणि माझे केस पिकले तरी त्यांच्या त्या ‘शेठ’मधली थट्टा काही कमी झाली नाही.

द्राक्षाचा हंगाम आला की काकांना मागणी यायची. बागेचा सौदा करायला व्यापारी आला की आधी गोडी बघतो. त्यासाठी छोट्या दुर्बिणीसारखं मीटर असतं. त्यावर रसाचा थेंब टाकून डोळा लावला की आत आकडा दिसतो. आमच्याकडे शेतकऱ्याचा व्यापाऱ्याच्या मीटरवर विश्वास नसे आणि व्यापाऱ्याचा शेतकऱ्याच्या शब्दावर, म्हणून दोघं मिळून काकांना बोलावत. काका बागेत शिरत, एक घड हातात धरत आणि त्याचा अगदी खालच्या टोकाचा मणी तोडत. घडात वरचे मणी आधी गोड होतात, टोकाचा सगळ्यात शेवटी. तो गोड झाला म्हणजे माल तयार. तो मणी ते तोंडात घोळवत, डोळे मिटत, मग पचकन थुंकून टाकत, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरत आणि आकडा सांगत. मीटरमध्ये नंतर तोच आकडा निघायचा. गिळत मात्र कधीच नसत. एवढ्या बागा फिरून गिळत बसलो तर पोटही बिघडेल आणि जीभही, असं त्यांचं म्हणणं. वरचा मणी खाणाऱ्यांनी खावा, आपण खालच्याचे मालक, असंही ते म्हणत. परिणाम असा, की सगळ्या तालुक्याची द्राक्षं चाखलेल्या या माणसाने कळत्या वयात एकही द्राक्ष खाल्लेलं नव्हतं.

जिभेपायी काकांनी जे सोसलं ते कुणी देवासाठीही सोसलं नसेल. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मिरची बंद, लसूण बंद, दुपारपर्यंत चहा बंद. तंबाखूला तर त्यांनी जन्मात हात लावला नाही. बाकावर शेजारी कुणी मळायला लागला तरी ते उठून उन्हात जाऊन उभे राहत. लग्नात ते घरून आणलेली कोरडी भाकरी खात, आणि वर यजमानाला तुमच्या वरणाला कुठल्या विहिरीचं पाणी आहे ते सांगत. एकदा राजुरीतच कुणाच्या दहाव्याला सगळे माना खाली घालून जेवत असताना काका शांतपणे म्हणाले होते की पाणी टँकरचं आहे आणि टँकरमध्ये आधी दूध होतं. माझ्या आईच्या ताकावरून म्हशीने कांद्याची पात खाल्ल्याचं ते ओळखत, आणि आई दोन दिवस म्हशीशी बोलत नसे. पण या सगळ्यावर कडी म्हणजे आमच्या दुकानात खताची नवी गोणी फुटली की काका चिमूटभर खत जिभेच्या टोकावर ठेवून भेसळ आहे का ते सांगायचे. वडील जिवाच्या आकांताने ओरडत, अरे मरशील. काका थुंकत, चूळ भरत आणि गोणी ठीक आहे म्हणत. तेव्हा आम्ही हसायचो. आता मला ते हसणं आठवतं आणि जेवण जात नाही.

तीन हंगामांपूर्वी काका चुकले. राजुरीतल्याच एका बागेत त्यांनी खालचा मणी घोळवला, थुंकला आणि पंधरा सांगितले. मीटर एकोणीस दाखवत होतं, म्हणजे माल तयार होता. काका म्हणाले मीटर बिघडलंय, आणि बागवाल्याने मीटर सोडून काकांचं ऐकलं, आठ दिवस थांबला. सहाव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि उभ्या बागेतले मणी तडकले. बागवाल्याने काकांना एका शब्दाने दुखावलं नाही, हेच वाईट झालं. त्यानंतर काका दुकानात आले ते बाकावर न बसता थेट आतल्या खोलीत आले, मला दार लोटायला लावलं आणि जीभ बाहेर काढली. डाव्या कडेला रुपयाएवढी जखम होती, पांढरी, कडा वर आलेली. काका म्हणाले, दोन महिने बरी होत नाही, तुझ्याकडे यावर काही औषध आहे का. माझ्या दुकानात किडीवर, बुरशीवर, करप्यावर सगळ्यावर औषध होतं. मी दुकान बंद केलं आणि त्यांना गाडीत घालून पुण्याला नेलं, आणि पुण्याने आम्हाला मुंबईला पाठवलं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागेल आणि हाताची कातडी काढून तिथे ठिगळ लावतील. सोबत आलेल्या काकूंनी मुलांबद्दल, खर्चाबद्दल, दिवसांबद्दल सगळं विचारलं. काकांनी एकच विचारलं, “चव ऱ्हाईल का?” डॉक्टर म्हणाले, “काका, जीव राहील.” काकांनी मान हलवली, जणू मीटरने आकडा दाखवला आणि या वेळी तो बरोबर होता. मी बाहेर येऊन दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं आणि घाबरत विचारलं, या माणसाने चाळीस वर्षं फवारलेली द्राक्षं तोंडात घातली, खत चाखलं, त्याने झालं असेल का. डॉक्टर म्हणाले, असं नक्की सांगता येत नाही. मला ‘नाही’ ऐकायचं होतं. ते फवारणीचं औषध आमच्या दुकानातून गेलेलं होतं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. शनिवारी दुपारी धर्मशाळेत काकूंचा डोळा लागला तेव्हा मी काकांना समुद्र दाखवायला बाहेर काढलं. वाटेत एका हॉटेलच्या दारात इंग्रजी पाटी होती. काकांनी वाचायला लावली. मी सांगितलं, मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांना इथे वाइन चाखायला देतात आणि ती कशी चाखायची ते एक जण समजावून सांगतो. चाखायला मार्गदर्शन लागतं ही कल्पनाच काकांना नवी होती. ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “शेठ, आपल्याकडचा माल जातो ह्यांच्याकडं. पोरी दिल्या, पर सासर कसं हाय ते म्या कदी बगितलंच न्हाई. चल.” मी त्यांच्या माळेकडे बोट दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की माळ गिळल्याने मोडते, थुंकल्याने नाही.

आत गार हवा, मोठं लांब टेबल, एक परदेशी जोडपं आणि पाठीवर पिशव्या लावलेली बंगळुरूची चार पोरं. त्यांच्यात धोतर-टोपीतले माळकरी काका आणि कांदा-लसूणही न खाणारा मी. प्रत्येकापुढे पाच पेले आणि एक चकचकीत भांडं. काळा एप्रन घातलेली मुलगी समजावत होती; आमच्याकडे बघून ती अदबीने मराठीवर आली, सोलापूरकडची निघाली. तिने सांगितलं, पेला फिरवा, वास घ्या, घोट तोंडभर घोळवा, आणि पुढे थुंकायला हे भांडं आहे. ते भांडं कुणीच वापरत नव्हतं, सगळे आनंदाने गिळत होते. काकांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि असा नेमका थुंकला की ती मुलगी बोलायची थांबली. तिने विचारलं, हे कुठे शिकलात. मी सांगितलं, राजुरीत. मी स्वतः कोरडी बिस्किटं खात होतो आणि त्यात काय काय असेल या काळजीत होतो.

मी काकांचा चेहरा बघत होतो. उघड्या जखमेवर दारू लागत होती. प्रत्येक घोटाला त्यांची मूठ आवळत होती आणि डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं. परदेशी बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला वाइनची गोडी इतकी भिडली. बाईंनी काकांना रुमाल दिला आणि त्यांचे स्वतःचेही डोळे भरले. मी काकांना बास म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्या पेल्यावर ते मुलीला म्हणाले, “ताई, ह्या मालाला पावसानं गाठलं. चार-आठ दिस आधी तोडलाय, भिऊन.” ती हसली, पण मग तिने वाइन करणाऱ्यांना फोन लावला. पलीकडच्याने काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही; फोन ठेवून ती काकांशेजारी खुर्ची ओढून बसली आणि उरलेला सगळा वेळ तिने बाकीच्यांना फारसं काही सांगितलं नाही.

शेवटी काकांनी तिला विचारलं की यातली कुठली तोंडात सगळ्यात जास्त वेळ राहते. तिने पाटीवर नसलेली एक बाटली आतून आणली आणि गडद लाल घोटभर ओतली. काकांनी तो घोट इतका वेळ घोळवला की बंगळुरूच्या पोरांनीसुद्धा हातातले पेले खाली ठेवले. मग ते थुंकले. तांब्या नव्हता, मी पाण्याचा पेला पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूळ भरायला नकार दिला. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. सोमवारपातूर पुरंल.”

समुद्राच्या कठड्यावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी दुकानातल्या औषधांचं काढलं, खताच्या गोण्यांचं काढलं, बोलता बोलता रडलो. काकांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, “फवारणी कवा झाली ते माजी जीभ मला सांगायची, शेठ. कळत व्हतं, तरी टाकला मणी तोंडात. गावानं शाबास म्हनलं की लई बरं वाटायचं. तू इकलंस, मी चाखलं. आता सोड.” त्या दिवशी आणि रविवारी ते पाण्याखेरीज काही घेत नव्हते, आणि पाणीही स्ट्रॉने, जिभेला न लावता. काकूंना वाटलं, भीतीने अन्न जात नाही. खरं कारण मी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं, जीव राहिला. बोलणं फक्त काकूंना समजतं. जेवण आधी नळीने, मग पेजेचं. डॉक्टरांनी गिळायचा सराव करा म्हणून बजावलं आहे, पण काका तोंडात घातलेलं थोडं फिरवून थुंकून टाकतात, सवयच तशी. काकू म्हणतात, अशाने अंगात काय राहणार. बागवाले अजून भेटायला येतात, आणि काका हात हलवून त्यांना मीटरकडे पाठवतात.

या जानेवारीत मी गेलो तेव्हा त्यांच्याच बागेतला एक घड मी ओसरीवर आणला होता. का आणला ते मलाच ठाऊक नाही. काकांनी तो हातात धरला आणि बोटं आपसूक खालच्या टोकाला गेली. मणी तोडला, तोंडात घातला, बोटाने आत सरकवला, कारण ठिगळाची जीभ हलत नाही. मी जुन्या सवयीने थुंकायला तांब्या पुढे धरला. काकांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ जबडा हलत राहिला. मग मानेची शीर ताठ झाली, डोळे घट्ट मिटले आणि गळ्यातली माळ वर जाऊन खाली आली. धान्य पाखडणाऱ्या काकूंचं सूप थांबलं होतं. काकांनी आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला, घड पुन्हा उचलला, आणि सावकाश, देठाजवळचा, अगदी वरचा मणी तोडला.